तिसऱ्या गिअरवरचा हात

गाडी माझ्या हाती आली तेव्हा तिच्या मीटरवर ३,४१,२०० किलोमीटर होते आणि तिच्या गिअरबॉक्सविषयी घरात एकच अधिकृत मत होते, ते म्हणजे त्याला काहीही झालेले नाही. २००३ साली घेतलेली ही डिझेल जीप वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, बावीस वर्षे जवळजवळ एकट्याने चालवली. वाईत त्यांचे खते-बियाण्यांचे दुकान होते, आणि पसरणीचा घाट चढून पाचगणी, भिलार, महाबळेश्वर या स्ट्रॉबेरीच्या पट्ट्यात फेऱ्या मारणे एवढेच त्या गाडीचे आयुष्यभराचे काम होते. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर २०१८ साली आणि पुन्हा २०२३ साली पर्यावरण कर भरून तिच्या नोंदणीचे नूतनीकरण केले गेले. दोन्ही वेळी घरच्यांनी गाडी काढून टाकण्याचा विषय काढला आणि दोन्ही वेळी अण्णांनी तो जेवणाच्या ताटावरच संपवला. मग त्यांच्या डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, काही महिने तरी गाडी चालवायची नाही असे ठरले आणि किल्ली माझ्याकडे आली.

पहिल्याच दिवशी पाचगणीला जाऊन येईपर्यंत माझ्याकडे चार तक्रारी जमल्या. दुसरा गिअर पडताना करकरत होता. ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गेले की खालून कोठून तरी घुमल्यासारखा आवाज येत होता. रेस सोडून पुन्हा दिली की मागे 'ठक्' असे काही तरी आपटत होते. चौथी तक्रार मात्र घाबरवणारी होती. घाट उतरताना, एका वळणाच्या तोंडाशी, तिसरा गिअर आपोआप सुटून लिव्हर न्यूट्रलवर आला आणि इतका वेळ इंजिनाने धरून ठेवलेली गाडी एकदम मोकळी होऊन पुढे निघाली. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा घाटातला नियम लहानपणापासून ऐकलेला होता, परंतु गिअरनेच साथ सोडली तर काय करावे याविषयी त्या नियमात काही नव्हते. ब्रेक होते म्हणून निभावले. संध्याकाळी हे सगळे अण्णांना सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गाडीत काही नाही. तुला गिअर टाकता येत नाहीत."

ते वाक्य मला तेव्हा चांगलेच लागले. आज वाटते की ते निम्मे खरे होते आणि त्या निम्म्या खरेपणातच सगळ्या दोषाचे मूळ होते.

साताऱ्याच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडी नेली. त्यांनी ती फाटकापासून रॅम्पपर्यंत, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये साठेक फूट, चालवून पाहिली, मीटरवरचा आकडा वाचला आणि गिअरबॉक्स खोलावा लागेल असे सांगून ३८,००० रुपयांचा अंदाज हातात दिला. तेवढे नको असतील तर भंगारातून निघालेला दुसरा बॉक्स बसवून देऊ, असाही पर्याय होता. दोष सांगण्यासाठी त्यांना गाडीची गरजच नव्हती. मीटरवरचा आकडा पुरेसा होता. साडेतीन लाखांच्या आसपास चाललेल्या गाडीबाबत असे होते खरे. काहीही सांगितले तरी ते पटण्यासारखे असते, कारण तिच्यात सगळेच थोडेथोडे झिजलेले असते. प्रश्न झीज आहे की नाही हा नसतोच, आपण ज्या आवाजाची तक्रार करतो आहोत तो कोणत्या झिजेचा, हा असतो.

मग वाईतच, कृष्णेच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. उमेदीची वर्षे त्यांनी ट्रकच्या गिअरबॉक्सखाली घालवली होती आणि अण्णांना ते गाडीवरून ओळखत होते. मी आवाजांची नक्कल करायला लागलो तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले. "आवाज कसा येतो ते ऱ्हाऊ द्या. कवा येतो ते सांगा."

या एका प्रश्नामागे यंत्राची संपूर्ण रचना उभी होती, हे मला पुढच्या तासाभरात हळूहळू उमगत गेले. इंजिनाची शक्ती क्लचमधून गिअरबॉक्समध्ये, तेथून लांबलचक प्रॉपेलर शाफ्टने मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे ती दोन चाकांत वाटणाऱ्या भागात, आणि शेवटी चाकांपर्यंत जाते. या साखळीतला प्रत्येक भाग वेगवेगळ्या वेळी फिरतो किंवा थांबतो. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असेल, तर बॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि त्याला जोडलेला खालचा लेशाफ्ट फिरत असतो. क्लच दाबला की थोड्या वेळात ते दोन्ही थांबतात, आणि क्लचच्या रिलीज बेअरिंगवर मात्र तेव्हाच भार येतो. म्हणून क्लच सोडल्यावर ऐकू येणारी आणि दाबताच थांबणारी घरघर बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगकडे बोट दाखवते, आणि दाबल्यावरच सुरू होणारी चिरचिर रिलीज बेअरिंगकडे. चालत्या गाडीत आणखी एक सोय असते. अशा उभ्या मांडणीच्या जुन्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये चौथा गिअर बहुधा थेट असतो, म्हणजे इंजिनाचा एक फेरा तोच प्रॉपेलर शाफ्टचा एक फेरा; शक्ती लेशाफ्टवरून फिरून येतच नाही. बाकीच्या गिअरमध्ये ओरडणारा बॉक्स चौथ्यात शांत झाला, तर लेशाफ्टची बेअरिंगे तपासावीत. एकही नट न उघडता, कानाने आणि डाव्या पायाने, एवढे कळते.

परिभाषेत गिअरला दंतचक्र म्हणतात. मराठी विश्वकोशाचे काम ज्या वाईत चालले, त्याच वाईत मिस्त्री 'सिंक्रो', 'क्रॉस', 'फोर्क' असे शब्द पाण्यासारखे वापरत होते, आणि त्यांच्या बोलण्यातला एकही शब्द मला कोशात शोधावा लागला नाही.

गाडी चालवायला त्यांनी मलाच बसवले. स्वतः शेजारी बसले आणि अण्णांना आग्रहाने मागे बसवले. महामार्गाकडे जाणाऱ्या सपाट रस्त्यावर ताशी ६० चा वेग आल्यावर घुमणारा आवाज सुरू झाला. मागेपुढे कोणी नाही असे पाहून त्यांनी क्लच दाबून न्यूट्रल करायला सांगितले. इंजिन मंद झाले, गाडी नुसती सरपटत राहिली आणि आवाज तसाच राहिला. इंजिन आणि बॉक्सचा पुढचा भाग आता त्या वेगाने फिरत नव्हता. फिरत होती ती चाके, डिफरन्शियल आणि प्रॉपेलर. मग त्यांनी गाडी रस्त्यातच किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे झुलवायला सांगितले. डावीकडे वळवताना, म्हणजे भार उजव्या चाकांवर जाताना, आवाज वाढला. "उजव्या पुढच्या चाकाची बेरिंग," ते म्हणाले, "तुमच्या बॉक्सचा ह्याच्याशी काय संबंध नाय." ज्या आवाजाच्या भीतीने मी ३८,००० रुपये मोजायला निघालो होतो, तो गिअरबॉक्सपासून चार फूट दूर होता.

'ठक्'चा निकाल तर गाडी उभी असताना लागला. चाकांना दगड लावून, न्यूट्रल करून त्यांनी खाली पडून प्रॉपेलर शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवला आणि मलाही वाकून पाहायला लावले. मागच्या सांध्याच्या क्रॉसमध्ये, म्हणजे सांधा जोडणाऱ्या फुलीसारख्या तुकड्यात, स्पष्ट खेळ दिसत होता. ग्रीस सुकून त्याच्या कपांशी तांबूस भुकटी साचली होती. या दोषासाठी कोणालाही बॉक्स खोलावा लागणार नव्हता.

उरला दुसरा गिअर आणि तिसरा गिअर. येथे मात्र अण्णांनी, त्यांच्या नकळत, साक्ष दिली.

परत येताना ते पुढे, माझ्या डाव्या हाताला बसले होते. मी दुसरा टाकण्यासाठी क्लच दाबला आणि सहज माझी नजर त्यांच्या पायांकडे गेली. त्यांच्या डाव्या पायाने गाडीची जमीन एकदा नव्हे, दोनदा दाबली. पुढच्या चौकात पुन्हा तसेच झाले. आणि घाटाच्या पायथ्याशी मी तिसरा टाकला तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला आणि लिव्हरच्या दिशेने चार बोटे सरकून परत गेला. मी मिस्त्रींकडे आरशातून पाहिले. त्यांनीही ते पाहिले होते.

शेडमध्ये आल्यावर त्यांनी इंजिन चालू ठेवून क्लच दाबायला, मनात पाच मोजायला आणि रिव्हर्स टाकायला सांगितले. जुन्या बॉक्समध्ये रिव्हर्सला बहुधा सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी सोय, नसतो, म्हणून क्लच दाबूनही बॉक्स इंजिनापासून पूर्ण सुटला नसेल तर त्याची चुगली हाच गिअर प्रथम करतो. रिव्हर्स जोरात करकरला. मग त्यांनी क्लच तीनदा भरभर मारून, दाबून धरून, पुन्हा तेच करायला सांगितले. या वेळी गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. क्लच तेलाच्या दाबावर चालणारा होता, आणि पेडल हापसल्यावर जो क्लच नीट सुटतो त्याचा दोष प्लेटमध्ये नसून तेलाच्या वाटेवर असतो. त्या तेलाच्या दाबाने क्लच ढकलणाऱ्या, बॉक्सच्या बाजूला असलेल्या खालच्या सिलिंडरचे रबर त्यांनी बोटाने उचलले. आत ओल होती.

मला त्या रात्री आठवले की अण्णा डिझेलची वही ठेवतात. बावीस वर्षांच्या तीन वह्या कपाटात होत्या. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, आणि शेवटच्या रकान्यात काही विशेष असेल तर. शेवटच्या दोन वर्षांत त्या रकान्यात दर दोन-अडीच महिन्यांनी एकच नोंद होती, 'क्लच ऑईल थोडे घातले'. बंद नळीतले तेल कमी होत नसते. ते कमी होते याचा अर्थ कोठे तरी बाहेर जाते. निदान वहीत लिहिलेले होते, फक्त ते निदान म्हणून कोणी वाचले नव्हते. तेल थोडे घालणे हा अण्णांच्या लेखी देखभालीचा भाग झाला होता, जसा पेडल दोनदा मारणे हा चालवण्याचा.

सिलिंडरचे रबर बदलले, नळीतली हवा काढली, उजव्या चाकाची बेअरिंग आणि मागचा क्रॉस नवा घातला. गाडीखाली असतानाच मिस्त्रींनी पहारीने बॉक्स मागून उचलून पाहिला, तेव्हा त्याचे रबरी माउंटिंग, म्हणजे बॉक्स ज्यावर टेकतो तो आधार, मधोमध फाटलेले निघाले, तेही बदलले. फाटलेल्या माउंटिंगवर बॉक्स घाट चढताना एका बाजूला आणि उतरताना दुसऱ्या बाजूला कलतो, लिव्हर फ्लोअरच्या भोकाच्या कडेला अडतो आणि गिअर बाहेर ओढला जाऊ शकतो. एकूण खर्च ६,४०० रुपये झाला, आणि मी मनातल्या मनात साताऱ्याच्या गॅरेजला हसून घेतले.

ते हसणे घाईचे होते. पाच माणसे आणि दोन पोती सामान भरून पसरणी उतरताना तिसरा पुन्हा सुटला. पूर्वीपेक्षा कमी वेळा, पण सुटला. दुसराही, हळू टाकला तर निमूट पडे आणि घाईने टाकला तर करकरे. आता मात्र क्लच निर्दोष होता, माउंटिंग निर्दोष होते, आणि संशय जायला बॉक्सशिवाय जागा उरली नव्हती.

दुसऱ्या गिअरचे हे वागणे सिंक्रोच्या झिजेचे ओळखीचे लक्षण आहे. गिअर बदलताना जोडायच्या दोन भागांचे वेग वेगळे असतात, आणि ते दातांची गाठ पडण्याआधी सारखे करण्याचे काम पितळी सिंक्रो रिंग करते. शंकूवर घट्ट बसून, घासून, वेगातला फरक ती गिळते. १९२८ साली कॅडिलॅकने अशी सोय प्रथम बाजारातल्या गाडीत दिली. त्याआधी आणि ट्रक-बसमध्ये त्यानंतरही कितीतरी वर्षे, हे काम चालकाचा पाय करत असे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अंदाजाने रेस, पुन्हा क्लच आणि मग गिअर. माझे चुलते एसटीत चालक होते आणि अण्णा गाडी शिकले ते त्यांच्याकडून, म्हणून डबल क्लच त्यांच्या अंगात होता. रिंग झिजत गेली तसतसे अण्णा, स्वतःला न कळता, तिचे काम आपल्या पायाकडे घेत गेले. त्यांच्या हातात गाडी करकरत नव्हती ही गोष्ट खरी होती. दोष नव्हता असे मात्र नाही. तो त्यांच्या कौशल्याखाली झाकलेला होता. जुन्या गाडीचा रोजचा चालक हा तिच्या दोषांचा सर्वांत वाईट साक्षीदार असतो, कारण तोपर्यंत तो स्वतःच त्या यंत्राचा एक भाग झालेला असतो.

बॉक्स खोलायच्या आधी मिस्त्रींनी त्यातले ऑईल स्वच्छ पांढऱ्या ट्रेमध्ये सोडले. खालच्या प्लगला चुंबक होते आणि त्यावर करडा, मलमासारखा लगदा बसला होता. तो एवढ्या किलोमीटरला बसणारच, त्याने घाबरू नये. चुंबकावर बोचरे तुकडे किंवा दातांचे कपचे असते तर गोष्ट वेगळी होती. पण ऑईलमध्ये उन्हात धरल्यावर सोनेरी कण चमकत होते. पितळ चुंबकाला चिकटत नाही. बॉक्समध्ये ते मुख्यतः सिंक्रो रिंगांतून येते. शिवाय वहीवरून कळले की गेली काही वर्षे डिफरन्शियलचेच ऑईल बॉक्समध्येही भरले जात होते. डिफरन्शियलसाठीच्या जीएल-५ दर्जाच्या ऑईलमध्ये गंधकयुक्त रसायनांचे प्रमाण जास्त असते आणि त्यातली काही पितळाला सोसत नाहीत; अशा बॉक्सला जीएल-४ मागितलेले असते. दुकानदार दोन्हीला 'गिअर ऑईल' म्हणतो आणि एकाच डब्यातून देतो, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट.

बॉक्स खाली उतरला. मिस्त्रींनी दुसऱ्या गिअरची रिंग तिच्या शंकूवर दाबून बसवली आणि रिंग व दातांच्या मधल्या फटीत पातळ पत्त्यांचे गेज घालून पाहिले. नव्या रिंगला ही फट साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते. येथे ती झिजेने इतकी कमी झाली होती की सर्वांत पातळ पत्ताही अडकला. लेशाफ्टची बेअरिंगे मात्र ठणठणीत होती. चौथ्या गिअरमध्ये आणि इतर गिअरमध्ये आवाज सारखाच येत होता तेव्हाच ते कळले होते, म्हणून त्यांना कोणी हात लावला नाही.

मग त्यांनी तिसऱ्या-चौथ्याचा फोर्क काढून पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. हा दोन बोटांचा धातूचा आकडा लिव्हरच्या हालचालीने स्लीव्हला, म्हणजे गिअर शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कड्याला, मागेपुढे ढकलतो. गिअर पडल्यावर तो खाचेत सैल राहिला पाहिजे, कारण स्लीव्ह सतत फिरत असते आणि फोर्क स्थिर असतो. आमच्या फोर्कची एक बाजू जवळजवळ नवी होती. दुसरी, तिसऱ्या गिअरकडे ढकलणारी बाजू, इतकी झिजली होती की तिच्यात नख बसत होते.

"ही हातानं घासलीया," मिस्त्री अण्णांना म्हणाले. "तुम्ही तिसऱ्यावर हात ठेवत व्हता."

अण्णांनी फोर्क हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "सुटत होता म्हणून ठेवत होतो."

दोघांचेही खरे होते. माउंटिंग केव्हातरी फाटले, उतारावर तिसरा अधूनमधून सुटू लागला, अण्णांनी तो सुटू नये म्हणून लिव्हर पुढे दाबून धरला, त्या दाबाने फिरत्या स्लीव्हवर फोर्क घासत राहिला, आणि फोर्क जितका झिजला तितका तिसरा अधिक सुटू लागला. मग हात अधिक घट्ट बसला. उतारावर इंजिन गाडीला ओढत नाही, गाडी इंजिनाला फिरवते, तिरप्या दातांवरचा रेटा उलटतो, म्हणून हा दोष चढताना कधी दिसलाच नाही. पहिल्यांदा सुटला त्या दिवशी कोणी माउंटिंग पाहिले असते, तर काही शे रुपयांत विषय मिटला असता. त्याऐवजी एका माणसाने कितीतरी वर्षे तो डाव्या हाताने धरून ठेवला, आणि त्यामुळेच तो दोष वाढत असूनही एकदाही घाटात गाडी हातची गेली नाही. याला निष्काळजीपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बॉक्स खाली होताच, म्हणून क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदलली. खरा खर्च बॉक्स उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीचा असतो. चार महिन्यांनी प्लेट गेली म्हणून तीच मजुरी पुन्हा देण्यात शहाणपण नव्हते. रिंग, फोर्क, त्याच्या शाफ्टवरच्या गोळ्या आणि स्प्रिंगा, सील, ऑईल असे सगळे मिळून १७,८०० रुपये झाले. साताऱ्याचे गॅरेज बॉक्स खोलायला सांगत होते आणि शेवटी बॉक्स खोललाच, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. पण त्यांच्या हातून तो खोलला गेला असता तर घुमणारी बेअरिंग, आपटणारा क्रॉस, फाटलेले माउंटिंग आणि झिरपणारा सिलिंडर जागच्या जागी राहिले असते, आणि नवा फोर्क पुन्हा हाताखाली झिजायला लागला असता.

एक हजार किलोमीटर झाल्यावर ऑईल पुन्हा सोडून पाहिले. चुंबकावर थोडा करडा लगदा होता, सोनेरी कण नव्हते. तोपर्यंत डॉक्टरांनी अण्णांना दिवसा गाडी चालवायला हरकत नाही असे सांगितले होते. एका सकाळी ते एकटेच भिलारला जाऊन आले, गाडी अंगणात लावली आणि चष्मा पुसून वही घेऊन बसले. ते आंघोळीला गेल्यावर मी वही उघडली. डिझेल भरलेले नव्हते, म्हणून मधले रकाने रिकामे होते. शेवटच्या रकान्यात लिहिले होते, 'पसरणी उतरलो. तिसरा राहिला. हात ठेवला नव्हता.'